काळ्या पट्ट्यापर्यंतची वर्षे

मुंबईच्या उपनगरांत कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळायला साधारण चार ते सहा वर्षे लागतात. आठवड्याला दोन वर्ग, तासाभराचा एक वर्ग, तीन-चार महिन्यांनी एक परीक्षा आणि मध्ये फार मोठा खंड नाही, असे धरले की हा हिशेब जमतो. अंधेरी असो की बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर, पहिली-दुसरीतल्या मुलाचे नाव घालायला आलेले आईवडील क्लासच्या दारात हाच प्रश्न आधी विचारतात आणि शिकवणारे सरही हेच उत्तर देतात. उत्तर खरे असते, तरी त्याने फारसे कळत नाही. चार वर्षांत नेमके काय घडते आणि चारची सहा कशाने होतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

उपनगरातल्या क्लासला स्वतःची वास्तू क्वचितच असते. तो सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो, शाळा सुटल्यावर शाळेच्या सभागृहात भरतो, पालिकेच्या उद्यानात पेव्हर ब्लॉकवर भरतो. हॉलमध्ये कोणाचे बारसे असले की वर्ग गच्चीवर जातो आणि गच्चीवर पावसाची सर आली की खाली पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उतरतो. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहालगतचे क्रीडा संकुल अशा प्रशस्त जागा लाखोंच्या वस्तीत बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. बाकी सगळा कराटे लादीवर वाढला आहे. संध्याकाळी साडेसहाला मुले चपला दाराशी ओळीने लावतात, पंखे पूर्ण वेगात फिरतात, आणि चटया असतील तर त्या एकमेकींत अडकवून अंथरल्या जातात. पावसाळ्यात लादीला ओल सुटते. मग सर वळण्याचे आणि उडी मारण्याचे प्रकार बाजूला ठेवतात आणि पाय रोवून उभ्या जागी शंभर-शंभर पंच मारून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये शिकायला आलेल्या मुलाचा पंच बहुधा आधी पक्का होतो आणि पावले मागाहून सुधारतात.

या शहरात कराटेची ओढ सिनेमाने लावली, हे मान्य करायला हरकत नाही. ब्रूस लीचा ‘एन्टर द ड्रॅगन’ १९७३चा. मिथुन चक्रवर्तीचा तर ‘कराटे’ याच नावाचा सिनेमा १९८३ साली आला. बँकॉकमध्ये शिकून आलेला आणि मुंबईत काही काळ मार्शल आर्ट्स शिकवणारा एक तरुण १९९२च्या ‘खिलाडी’नंतर अक्षयकुमार म्हणून घराघरांत पोचला. सिनेमाबाहेरही काम चालूच होते. पूर्ण ताकदीने भिडण्याचा क्योकुशिन हा कराटेप्रकार मुंबईत परवेझ मिस्त्री यांच्या नावाशी जोडला गेला आहे. पुढे शाळांनी कराटे हा छंदवर्गाचा विषय केला आणि तो चित्रकला, तबला, ॲबॅकस यांच्या रांगेत जाऊन बसला. त्यामुळे तो घरोघरी पोचला. त्याचबरोबर त्याला शाळेचे वेळापत्रक, शाळेची सुट्टी आणि शाळेची परीक्षाही चिकटली. ब्लॅक बेल्टला लागणारा वेळ कराटेइतकाच या वेळापत्रकाने ठरवला आहे.

पट्ट्याची रीत मुळात कराटेची नाही, ज्युदोची आहे. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात मूठभर शिष्य घेऊन कोडोकान ही शाळा काढली. जुन्या जपानी युद्धकलांत गुरू शिष्याला परवान्याची गुंडाळी देत असे. ती मिळायला कित्येक वर्षे जात, आणि शिष्य कुठवर आला हे मधल्या काळात बाहेरच्याला कळायचे नाही. कानोंनी पायऱ्या पाडल्या. १८८३ साली शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोघांना त्यांनी पहिली दान श्रेणी दिली. काळा पट्टा कमरेला बांधण्याची प्रथा त्यानंतर, १८८६च्या सुमारास पडली. म्हणजे ज्या श्रेणीसाठी आज मुलाचे सगळे बालपण खर्ची पडते, ती जगात पहिल्यांदा दिली गेली तेव्हा शाळा निघून वर्ष-दीड वर्षच झाले होते. कराटेतही तसेच घडले. ओकिनावाहून १९२२ साली टोकियोला आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी ज्युदोकडून पोशाख आणि पट्टा दोन्ही उचलले आणि १२ एप्रिल १९२४ रोजी सात जणांना कराटेचे पहिले ब्लॅक बेल्ट दिले. त्या सातांत पुढे वादो-र्यू पंथ काढणारे हिरोनोरी ओत्सुका होते. फुनाकोशींकडे त्यांची जेमतेम दोन वर्षे झाली होती.

यावरून ती माणसे घाईत होती किंवा गुरू उदार होते असे समजणे चूक ठरेल. ओत्सुका लहानपणापासून जुजुत्सूत मुरलेले होते. ते कराटेला आले तेव्हा त्यांचे शरीर तयार होते, त्याला फक्त नवी वळणे लावायची होती. शिवाय ही मंडळी आठवड्यातून दोनदा, शिकवणी आटोपून येणारी नव्हती. कोडोकानचे पहिले शिष्य तर कानोंच्याच घरी राहत आणि तिथेच शिकत. तेव्हा किती वर्षे लागली, या प्रश्नाआधी दिवसाकाठी किती वेळ दिला, हा प्रश्न येतो.

पट्ट्याबद्दल एक कहाणी क्लासमध्ये नेहमी ऐकू येते. पूर्वी म्हणे पांढरा पट्टा कधी धुतच नसत. घाम, माती आणि वर्षे यांनी तो मळत मळत काळा होई आणि तोच ब्लॅक बेल्ट. कहाणी गोड आहे, पण तिला इतिहासात आधार नाही. काळा पट्टा पहिल्यापासून काळाच दिला गेला. उलट प्रकार मात्र खरा आहे. सॅटिनचा काळा पट्टा बांधून-सोडून घासत जातो आणि गाठीच्या जागी आतले पांढरे सूत दिसू लागते. पट्टा बांधण्याची पद्धतही मुलांना शिकवावी लागते. मधला भाग बेंबीखाली धरायचा, दोन्ही टोके मागून फिरवून पुढे आणायची, एक टोक दोन्ही पदरांखालून वर काढायचे आणि गाठ मारल्यावर दोन्ही टोके सारख्या लांबीची उरली पाहिजेत. सहा वर्षांच्या मुलाला हे जमायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ते काम सर करतात, नाहीतर ओळीत शेजारी उभी असलेली ताई.

पांढऱ्या आणि काळ्याच्या मधले रंग जपानबाहेर वाढले. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी रंगीत पट्ट्यांची रीत रुळवली. युरोपातल्या विद्यार्थ्याला लांबच्या ध्येयाकडे जाताना मध्ये काहीतरी हातात पडावे, हा त्यामागचा विचार. उपनगरातल्या क्लासमध्ये पांढऱ्यानंतर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा आणि तपकिरी असे रंग येतात. क्रम संस्थेगणिक बदलतो, तपकिरीचे दोन किंवा तीन टप्पे असतात. मुले मात्र येलो, ग्रीन, ब्राऊन असेच म्हणतात. रंग मुलाला टिकवून धरतात यात शंका नाही. सहा वर्षांच्या मुलापुढे पाच वर्षांनंतरची वस्तू ठेवण्यात अर्थ नसतो, गणपतीनंतर मिळणारा पिवळा पट्टा त्याला समजतो. अडचण पुढे येते. रंगांची सवय लागलेल्या घराला ज्या वर्षी नवा रंग मिळत नाही ते वर्ष वाया गेल्यासारखे वाटते.

या वर्षांत मूल शिकते काय, हे पाहायला शोतोकान शैलीतला ‘हेइआन शोदान’ हा काता पुरेसा आहे. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढत. ओकिनावाचे आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी जे पाच काते बसवले, त्यांचेच हे रूप आहे आणि हेइआन शोदान त्यांतला पहिला. यात २१ हालचाली आहेत. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, पाऊल टाकून पंच, मागे वळून पुन्हा ब्लॉक. मग मधल्या रेषेवर तीन वरचे ब्लॉक आणि तिसऱ्यावर जोरदार किआई, म्हणजे आरोळी. सगळा काता मिनिटभरात आटोपतो आणि जिथून सुरू झाला त्याच जागी संपतो. पांढऱ्या पट्ट्याच्या मुलाला हा क्रम महिन्या-दीड महिन्यात पाठ होतो. पाठ झाला म्हणजे आला, असे त्याला वाटते, घरी आलेल्या मामाला तो करूनही दाखवतो.

सरांची नजर मात्र मागच्या टाचेवर असते. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ आणि मागची टाच जमिनीला टेकलेली, अशी ती उभे राहण्याची पद्धत. पंच मारताना मुलाची टाच उचलते. टाच उचलली की जमिनीकडून येणारा जोर तुटतो आणि पंच नुसता दंडाचा राहतो. ‘टाच खाली’ हे दोन शब्द एका मुलाने पाच वर्षांत किती वेळा ऐकले असतील याची गणती होणार नाही. पिवळ्या पट्ट्यावर टाच टेकते तर कंबर वळत नाही. हिरव्यावर कंबर वळू लागते तर खांदे वर येतात. निळ्यावर खांदे उतरतात, पण वळताना नजर आधी जात नाही, शरीर आधी जाते. काता तोच, हालचाली त्याच २१, आणि दर वर्षी त्यांत नवी चूक सापडते. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत बास्साई दाईसारखा वरचा काता तर असतोच, पण परीक्षक अनेकदा मध्येच हेइआन करायला सांगतात. वर्षानुवर्षांची मेहनत त्या सोप्या कात्यात लपवता येत नाही आणि तिचा अभावही लपत नाही.

जोडीने होणारा सराव, कुमिते, अशाच पायऱ्यांनी चढतो. आधी पाच पावलांची ठरलेली लढत, मग एका पावलाची, मग कोणता वार येणार ते सांगून पण मोकळ्या हालचालीतून केलेली, आणि शेवटी मोकळी. मोकळ्या लढतीपर्यंत यायला दोन-अडीच वर्षे जातात, आणि ती जायलाच हवीत. आठ वर्षांच्या मुलाला वार रोखायला येण्याआधी वार करायला शिकवणे धोक्याचे आहे. समोरच्याच्या कपड्याला स्पर्श होण्याआधी मूठ थांबवता येणे ही शोतोकानची खरी कमाई आहे, आणि तिला वेळ लागतो. जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात कौले आणि विटा फोडून टाळ्या मिळतात. थांबलेल्या मुठीला कोणी टाळ्या देत नाही.

आता तासांचा हिशेब. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला १०४. त्यातून गणपती, दिवाळी, सहामाही, वार्षिक परीक्षा, मे महिन्यातले गाव आणि जुलैतले तुंबलेले रस्ते वजा केले की हाती ७०-८० उरतात. पाच वर्षांचे झाले साडेतीनशे ते चारशे तास. जपानी विद्यापीठांच्या क्लबांत आठवड्याचे पाच-सहा दिवस दोन-दोन तास सराव चालतो. तिथे एवढे तास वर्षाच्या आत भरतात. म्हणून तिथला विद्यार्थी दीड-दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट बांधतो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. तिकडचा पट्टा सोपा आणि इकडचा कठीण, किंवा याच्या उलट, असे काहीही यातून निघत नाही. तिथे तास जास्तच भरतात, आणि आपल्याकडे ते विरळ पसरले आहेत.

विरळ पसरण्याचा एक परिणाम मोठ्यांच्या लक्षात येत नाही. सातव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलाला या पाच-सहा वर्षांत दोन शरीरे सांभाळावी लागतात. बारा-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, पाय लांब होतात, तोल बिघडतो. दहाव्या वर्षी सहज डोक्यापर्यंत जाणारी लाथ आता छातीशीच अडते. नेमका हाच काळ ब्राऊन बेल्टचा असतो. मुलाला वाटते आपल्याला येत होते ते गेले. खरे म्हणजे काहीच गेलेले नसते, नव्या मापाच्या हातापायांना जुने धडे पुन्हा द्यायचे असतात. जाणते सर या वर्षी परीक्षेची घाई करत नाहीत. परीक्षा पुढे ढकलली गेली की घरी कुजबुज होते, पण ही ढकललेली परीक्षा मुलाच्या हिताचीच असते.

सर्व मार्शल आर्ट्सना एकच मोजपट्टी लावता येत नाही. ज्युदोत कोडोकान पहिली दान श्रेणी चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला देतच नाही. तायक्वांदोत सोलच्या कुक्किवॉन या संस्थेची पद्धत निराळी आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाला ब्लॅक बेल्टऐवजी ‘पूम’ मिळतो, त्याचा पट्टा लाल आणि काळा असतो, आणि वय झाल्यावर त्याचे दानमध्ये रूपांतर करता येते. लहान मुलाची मेहनत मान्य करायची, पण त्याला प्रौढाच्या ओळीत बसवायचे नाही, ही सोय फार शहाणपणाची आहे आणि कराटेच्या सगळ्या संस्थांनी ती घ्यायला हवी. क्योकुशिनमध्ये परीक्षेच्या शेवटी एकामागून एक नव्या दमाच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागते. ब्राझिलियन जिउ-जित्सू अलीकडे अंधेरी-वर्सोव्याच्या जिममध्ये दिसू लागले आहे. त्यात ब्लॅक बेल्टला दहा-एक वर्षे सहज जातात आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने एकोणीस वर्षांच्या आत तो मिळत नाही. तिथे निळ्या पट्ट्यावर दोन-तीन वर्षे काढणाऱ्याला आपण मागे पडलो असे वाटत नाही, कारण सगळेच तिथे असतात.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या परंपरेत तर पट्टाच नव्हता. कोल्हापूरच्या तालमीत पोर लाल मातीत उतरते ते वस्तादाच्या पाया पडून, आणि किती वर्षांनी पैलवान होणार हे त्याला कोणी सांगत नाही. जोर, बैठका, मेहनत, खुराक, आणि मग जत्रेतल्या फडात नारळावरची कुस्ती. नाव होते ते कुस्ती मारल्यावर. १९६१ साली सुरू झालेली महाराष्ट्र केसरीची गदा दर वेळी एकालाच मिळते, उरलेले सारे नुसते पैलवानच राहतात आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. मल्लखांबालाही श्रेणी नाही. खांबावर काय करता येते ते दिसतेच. अशा घरांतला आजोबा नातवाच्या कमरेचा नारिंगी पट्टा पाहून ‘याने कोणाला चीत केले’ असे विचारतो, तेव्हा तो त्याच्या ओळखीच्या मापाने विचारत असतो. दोन्ही पद्धतींत आपापले बळ आहे. तालीम जिंकणाऱ्याला मोठे करते. पट्ट्याची पद्धत कधीच न जिंकणाऱ्या, पण न चुकता येणाऱ्या मुलालाही पुढे नेते, आणि शहरातल्या मुलांत अशी मुले जास्त आहेत.

हेच बळ दुबळेपणही होऊ शकते. दोन वर्षांत, क्वचित त्याहून लवकर ब्लॅक बेल्ट देणारे वर्ग उपनगरांत आहेत. आठवड्याला दोन तासांच्या हिशेबात दोन वर्षे म्हणजे दीडशे तास. त्यात टाच टेकते, कंबर वळत नाही. परीक्षा क्लासचेच सर घेतात, नापास कोणी होत नाही, प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असतो आणि नवव्या वर्षी मूल काळा पट्टा बांधून फोटो काढते. हा मुलावर अन्याय आहे. आपल्याला येते अशी खात्री त्याला दिली जाते आणि ती कधी तपासली जात नाही. आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्या क्लासचा निळा पट्टा समोर येतो तेव्हा ती खात्री भर मैदानात मोडते, आणि असे मूल बहुधा पुन्हा क्लासला येत नाही. ज्यांना शासनाच्या सवलतीच्या गुणांची आशा असते त्यांनीही एक लक्षात घ्यावे. दहावी-बारावीला गुण मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीचे. पट्ट्याच्या रंगाला गुण नाहीत.

थोड्या काळात जे शिकता येते तेही कमी नाही, फक्त त्याला ब्लॅक बेल्ट म्हणू नये. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षण शिकवले जाते. हात सोडवून घेणे, ओरडणे, अंतर राखणे, पळण्याची वाट आधी हेरणे, एवढे तीन महिन्यांत येते आणि लोकलच्या गर्दीत तेवढेच कामाचे असते. क्लासला येणाऱ्या मुलींचे मात्र वेगळे होते. सहावी-सातवीच्या सुमारास बऱ्याच घरांत मुलीचा क्लास आधी बंद होतो, भावाचा चालू राहतो. ज्युदोच्या इतिहासात केइको फुकुदा या बाईंची गोष्ट यासाठी प्रत्येक क्लासमध्ये सांगावी अशी आहे. त्या कानोंच्या गुरूंची नात. १९३५ साली त्या कोडोकानमध्ये दाखल झाल्या आणि आयुष्यभर शिकत-शिकवत राहिल्या. स्त्रियांना पाचव्या दानच्या वर चढू द्यायचे नाही अशी तिथली रीत होती, म्हणून त्या कित्येक वर्षे पाचव्यावरच राहिल्या. १९७२ साली ती रीत मोडली आणि त्यांना सहावी श्रेणी मिळाली. अमेरिकेतल्या ज्युदोच्या राष्ट्रीय संस्थेने २०११ साली त्यांना दहावी दान दिली तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. इतका वेळ ज्युदोला लागला नाही, माणसांच्या समजुतीला लागला.

मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांचे गणित आणखी निराळे. पस्तिशी-चाळिशीतला माणूस सकाळी सहाच्या बॅचला येतो, आठ सतराची लोकल पकडायची असते म्हणून सात वाजता निघतो. त्याला हेइआन शोदानचा क्रम मुलांपेक्षा लवकर समजतो आणि गुडघे मात्र उशिरा ऐकतात. सहा-सात वर्षे लागतात. पण मधून सोडून जाणाऱ्यांत हे लोक कमी असतात, कारण त्यांना कोणी पाठवलेले नसते.

मुलांच्या बाबतीत सगळा प्रश्न एका वर्षावर येऊन थांबतो. पहिली-दुसरीत सुरू केलेले मूल, खंड, आजारपण, बदललेले घर आणि उंची वाढण्याचे वर्ष धरून, आठवी-नववीत ब्राऊन बेल्टवर असते. तिथून ब्लॅक बेल्ट वर्ष-दीड वर्षावर असतो. आणि मग दहावी येते. जूनमध्ये कोचिंगचे वेळापत्रक हातात पडते, कराटेचे दोन दिवस त्यात बसत नाहीत, आणि ‘परीक्षा झाली की पुन्हा’ असे म्हणून नाव काढले जाते. परीक्षेनंतर अकरावीचा प्रवेश, मग बारावी, मग सीईटी. पोशाख आखूड झालेला असतो. उपनगरातल्या किती घरांत कपाटाच्या तळाशी तपकिरी पट्टा आहे, हे त्या त्या घरांनाच ठाऊक.

साडेतीनशे तास घातलेल्या मुलाला शेवटच्या पन्नास-साठ तासांसाठी थांबवणे हा वाईट हिशेब आहे. तेव्हा पालकांना सांगणे एवढेच. नाव घालताना किती वर्षे लागतील हे विचारा, पण त्याबरोबर परीक्षा कोण घेते आणि शेवटचा नापास झालेला विद्यार्थी पुढे काय करतो, हेही विचारा. परीक्षा पुढे ढकलली गेली तर सरांशी भांडू नका. मुलीचे नाव मुलाआधी काढू नका. आणि दहावीच्या वर्षी दोनाचा एक वर्ग करा, रविवारचा तेवढा ठेवा. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षा, होतात.